मंच आपला, आवाज आपला, ध्वनिमुद्रण कोणाचे?

वर्ष सरत आले की प्रस्थापित वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत याद्यांचा पाऊस पडतो. वर्षातील दहा उत्तम चित्रपट, दहा उत्तम पुस्तके, दहा उत्तम गाणी! या याद्या आम्हीही वाचतो. त्यांत मुंबईच्या सिनेमाचे गाणे असते, भावगीत असते, नाट्यगीत असते, परदेशी पॉपही असते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात लाखो लोकांच्या कानांवर पडलेले गाणे मात्र तिथे सहसा सापडत नाही. चौदा एप्रिलला ज्या गाण्यावर अवघी वस्ती जागते, ते गाणे यादी करणाऱ्यांच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. हे गाणे म्हणजे संगीत नव्हे काय? आणि ते ऐकणारे लाखो लोक रसिक नव्हेत काय?

असे प्रश्न विचारून नुसते संतापण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या पंगतीत आपले पान मांडले नाही म्हणून रडत बसणाऱ्यांची ही चळवळ नव्हे. तेव्हा यंदा आम्हीच यादी करायला बसलो.

या यादीला आम्ही दोन नियम घातले. ध्वनिमुद्रण एक तर छोटे हवे, म्हणजे एखादे सुटे गाणे किंवा फार तर अर्ध्या तासाची तबकडी. नाहीतर ते प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर झालेले हवे, ज्याला आजची मुले ‘लाइव्ह’ म्हणतात. यादीतली सगळीच ध्वनिमुद्रणे याच वर्षी निघालेली नाहीत. ती या वर्षात आम्ही पुन्हा पुन्हा ऐकली. काही आपली आहेत, काही तामिळनाडूची, तर काही सातासमुद्रापलीकडची. ऐकताना प्रत्येक वेळी आम्ही एकच गोष्ट तपासली. हा आवाज टिकला तो कोणामुळे, त्याची मालकी कोणाकडे आहे आणि त्यावर नाव कोणाचे आहे?

जलसा म्हणजेच लाइव्ह

‘लाइव्ह’ हा शब्द नवा असेल, पण गोष्ट आपल्याला नवी नाही. सत्यशोधक जलशांनी गावोगावच्या चावडीसमोर उभे राहून भटशाहीला प्रश्न विचारले. त्याच वाटेने पुढे आंबेडकरी जलसा आला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांचा विचार ढोलकी-तुणतुण्यावर चढवून खेड्यापाड्यांत नेला. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांना चळवळ कळली ती कानाने. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत आजही मोठ्या अभिमानाने सांगितले जातात.

कर्डकांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून त्यांचे स्वरूप, त्यांतली पदे, त्यांतले फार्स आपल्या हाती लागले. पण आवाज पुस्तकात मावत नाही. ढोलकीची थाप कुठे पडत होती, कोणत्या वाक्याला लोक हसत होते, कोणत्या कडव्याला बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, हे कागद सांगत नाही. त्या काळी ध्वनिमुद्रणाचे यंत्र ज्यांच्या हाती होते, त्यांना जलशाची गरज वाटली नाही आणि ज्यांना गरज होती, त्यांच्या हाती यंत्र नव्हते.

जलशानंतर कव्वालीचे मुकाबले आले. श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांनी रात्र रात्र मैदाने गाजवली. एका बाजूने सवाल, दुसऱ्या बाजूने जवाब आणि मध्ये हजारो माणसे! तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावत, म्हणून रात्रभराच्या मुकाबल्यातले मूठभर गाणे तबकडीवर आले. बाकीचे हवेत विरले. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी ढिली पडली. भीमगीतांच्या कॅसेटी दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, बसस्टँडच्या टपरीवर विकल्या जाऊ लागल्या. घराघरांत टेप वाजू लागला.

ही मोठीच क्रांती होती. पण ती अर्धी राहिली. आपल्या घरातल्या जुन्या कॅसेटीचे वेष्टन काढून पाहा. गायकाचा फोटो ठसठशीत असतो, कंपनीचे बोधचिन्ह त्याहून ठसठशीत असते. गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत एका कोपऱ्यात असते, कधी तेही नसते. ढोलकी वाजवणाऱ्याचे, कोरसमध्ये गाणाऱ्या बहिणींचे नाव तर शोधूनही सापडत नाही. मंच आपला होता, आवाज आपला होता, विकत घेणाराही आपलाच होता. ध्वनिमुद्रण तेवढे दुसऱ्याचे होते.

अपोलोची रात्र

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी तो आपल्याआधी भोगला आणि त्याच्यावर तोडही काढली. त्यांचे आणि आपले नाते सांगण्याची या वाचकांना गरज नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि १९७२ मध्ये इथल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव तिथूनच उचलले.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १२५ व्या रस्त्यावर अपोलो थिएटर आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बाबासाहेब तिथे शिकत होते त्याच काळात ही इमारत उभी राहिली आणि तेव्हा तिथे काळ्या प्रेक्षकाला प्रवेश नव्हता! १९३४ मध्ये ती अपोलो या नावाने सर्वांना खुली झाली आणि पुढे काळ्या कलावंतांचे हक्काचे घर बनली.

याच मंचावर २४ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री जेम्स ब्राऊन गायला उभा राहिला. अठराविश्वे दारिद्र्यात जन्मलेला, कोवळ्या वयात तुरुंग पाहिलेला हा गायक. आपली खरी ताकद बंद खोलीत नाही, लोकांसमोर आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने आपल्या कंपनीच्या मालकाला कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करायला सांगितले. मालक नको म्हणाला. त्यात नवीन गाणे नाही, मग जुनीच गाणी पुन्हा कोण विकत घेणार, असा त्याचा व्यापारी हिशेब होता. ब्राऊनने स्वतःच्या खिशातले पैसे घातले आणि ध्वनिमुद्रण केले.

१९६३ मध्ये ती तबकडी निघाली. सगळी मिळून जेमतेम अर्ध्या तासाची. अमेरिकेतल्या तबकड्यांच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली आणि ६६ आठवडे त्या यादीत टिकून राहिली. ती आज ऐकताना गाण्याइतकीच श्रोत्यांची किंकाळी ऐकू येते. गायक एक शब्द टाकतो, सभागृह तो झेलते आणि परत फेकते. आपल्या कव्वालीच्या मुकाबल्यात बसलेल्या माणसाला हे परके वाटणार नाही. धडा काय? मालकाच्या हिशेबात आपल्या लोकांचा आवाज बसत नाही. आपल्या आवाजावर पहिला पैसा आपणच लावावा लागतो.

बावीस वर्षे डब्यात

दुसरी गोष्ट सॅम कुक याची. १२ जानेवारी १९६३ रोजी मायामी शहराच्या काळ्या वस्तीतल्या ‘हार्लेम स्क्वेअर क्लब’मध्ये तो गायला. कंपनीने ध्वनिमुद्रण केले, ऐकले आणि डब्यात बंद करून ठेवले. का? तर गाणे फारच रांगडे झाले होते! कंपनीने त्याची जी प्रतिमा विकायला काढली होती, ती गुळगुळीत आवाजाच्या, गोऱ्या मध्यमवर्गाला चालणाऱ्या गायकाची होती. आपल्या माणसांत घाम गाळून गाणारा सॅम कुक त्या प्रतिमेला तडा देत होता. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या श्रीमंती ‘कोपाकबाना’ क्लबात तो गायला, ते ध्वनिमुद्रण मात्र लगेच बाजारात आले. डिसेंबर १९६४ मध्ये त्याचा गोळी लागून मृत्यू झाला. मायामीची ती रात्र लोकांना ऐकायला मिळाली १९८५ मध्ये, बावीस वर्षांनी.

दोन्ही ध्वनिमुद्रणे आम्ही एकामागोमाग एक ऐकली. माणूस तोच, गळा तोच. एका ठिकाणी तो पाहुणा आहे, दुसऱ्या ठिकाणी घरचा. आपल्याही किती गायकांना दूरचित्रवाणीच्या मंचावर ‘लोकगीत गा, भक्तिगीत गा, ते तुमचे गाणे नको’ असे ऐकावे लागले असेल! गायक तेथे चालतो. त्याचा विचार चालत नाही. सॅम कुकने स्वतःची तबकडी कंपनी आणि गीतांच्या हक्कांची कंपनी काढली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. तरीही ही रात्र त्याच्या हातात नव्हती, कारण तिचे ध्वनिमुद्रण दुसऱ्याने केले होते.

हसू कुठे थांबते

तिसरे ध्वनिमुद्रण नीना सिमोन यांचे. जून १९६३ मध्ये मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याचा खून झाला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँबस्फोट होऊन चार काळ्या मुली ठार झाल्या. ही बातमी ऐकून नीना सिमोन यांनी तासाभरात ‘मिसिसिपी गॉडॅम’ हे गाणे लिहिले. एका राज्याच्या नावाने कडकडीत शिवी, तीही शीर्षकातच! १९६४ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी ते गायले आणि त्याचेच ध्वनिमुद्रण तबकडीवर आले.

हे गाणे बंद खोलीत मुद्रित झाले असते, तर त्याची निम्मी किंमत उरली असती असे आम्हाला वाटते. चाल उडती, नाटकातल्या गाण्यासारखी. बहुतांशी गोरे असलेले श्रोते सुरुवातीला हसतात. बाई गमतीने काही बोलत आहेत असे त्यांना वाटते. गाणे पुढे सरकते आणि हसू हळूहळू विरते. सभागृह गप्प होते. ती शांतता तबकडीवर ऐकू येते! दक्षिणेतल्या काही राज्यांत या गाण्यावर बंदी आली. विक्रीसाठी पाठवलेल्या तबकड्या तुकडे करून परत आल्याचे नीना सिमोन यांनी पुढे सांगितले. तबकडी मोडता येते, पण एकदा मुद्रित झालेली ती शांतता कोणी मोडू शकले नाही.

जातिविहीनांचा मेळा

आता आपल्या देशात येऊ. ६ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईत एक मैफल झाली. चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी उभ्या केलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या संचाचा तो पहिला जाहीर कार्यक्रम. ‘कास्टलेस’ हा शब्द त्यांनी घेतला तो पंडित अयोती दास यांच्या विचारातून. या अयोती दासांनी बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या ५८ वर्षे आधी, १८९८ मध्ये, बौद्ध धम्म स्वीकारून मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला होता. म्हणजे गाण्याचा संच काढतानाही त्या पोरांनी आपल्या पूर्वजाची आठवण ठेवली.

त्यांचे वाद्य काय? उत्तर चेन्नईच्या झोपडपट्ट्यांत मयताच्या घरी, गल्लीच्या तोंडाशी गायला जाणारा ‘गाना’ हा प्रकार. सभ्य समाजाने अशुभ आणि हलका ठरवलेला. त्याला त्यांनी गिटार, ड्रम आणि रॅपची जोड दिली आणि आरक्षणावर, गटार साफ करणाऱ्यांच्या मृत्यूवर, जातीसाठी होणाऱ्या हत्यांवर गाणी रचली. पांढरेशुभ्र सदरे नव्हे, सगळ्यांनी एकसारखे सूट घातले होते. सुटाबुटातल्या बाबासाहेबांच्या लेकरांना त्या सुटाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. २०२० पासून याच मंडळींच्या पुढाकाराने मार्गळी महिन्यात लोकसंगीताचा महोत्सव होऊ लागला. तो महिना चेन्नईत कर्नाटक संगीताच्या सभांचा, म्हणजे वरच्या जातींच्या मिरवण्याचा मानला जातो. त्याच महिन्यात त्यांनी आपला मंच उभा केला, आपला कॅमेरा लावला आणि ध्वनिमुद्रण आपल्या हाती ठेवले.

याच संचातला अरिवु हा तरुण. मार्च २०२१ मध्ये त्याचे आणि धी या गायिकेचे ‘एन्जॉय एन्जामी’ हे पाच मिनिटांच्या आतले सुटे गाणे आले आणि भाषा न कळणाऱ्यांच्याही ओठांवर बसले. गाण्याच्या मुळाशी अरिवुच्या आजीची कहाणी आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून परत आलेल्या, जमीन नसलेल्या माणसांची ती कहाणी. पण ऑगस्ट २०२१ मध्ये एका मोठ्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याचा गौरव झाला, तेव्हा अरिवुचा चेहरा तेथे नव्हता. आरडाओरड झाल्यावर त्याचे वेगळे मुखपृष्ठ निघाले. २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे अरिवुशिवाय गायले गेले आणि श्रेय कोणाचे यावर जाहीर वाद झाला. संगीतकाराने आपली बाजू मांडली, अरिवुने आपली. त्या वादाचा निवाडा आम्ही करत नाही. मात्र एवढे खरे की, ज्याच्या आजीच्या आसवांतून गाणे उगवले, त्यालाच ‘मी इथे आहे’ असे ओरडून सांगावे लागले.

आपल्या मातीतले तीन आवाज

महाराष्ट्रातल्या ध्वनिमुद्रणांत आमच्या यादीत सर्वांत वर आहे ते विलास घोगरे यांचे. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणारा हा शाहीर आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात गातो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पटवर्धन यांनी पुढची चौदा वर्षे खर्चून ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून मोठा चित्रपट केला. तो २०११ मध्ये पूर्ण झाला. त्यात घोगरे आहेत, वस्त्यावस्त्यांतले गायक आहेत, गल्लीतले जयंतीचे मंच आहेत. समोर कॅमेरा होता म्हणून घोगरे आज गाताना दिसतात. ज्यांच्यासमोर कॅमेरा नव्हता, असे किती शाहीर गेले असतील, याची मोजदाद कोण करणार?

दुसरे ध्वनिमुद्रण २०१९ चे, ‘द वारली रिव्होल्ट’. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप संचाने आरे वनातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत केलेले सुटे गाणे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडली गेली. झाडे वाचली नाहीत, पण कोणाचे रान होते आणि ते कोणी तोडले, याची साक्ष या गाण्याने ठेवली. यात आम्हाला विशेष आवडली ती एक गोष्ट. शहरी पोरांनी आदिवासीचा नुसता विषय घेतला नाही, आदिवासी माणसालाच गायला उभे केले आणि त्याचे नाव गाण्यावर घातले.

तिसरे ध्वनिमुद्रण तर कोणत्याही कंपनीचे नव्हे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात या एकतारी घेऊन दारोदार गाणाऱ्या बाई. कोणीतरी त्यांचे गाणे मोबाईलवर टिपले आणि ते या हातातून त्या हातात फिरत सगळ्या महाराष्ट्रात गेले. मंच नाही, माईक नाही, वाद्यवृंद नाही. एक तार, एक गळा आणि बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता. पुढे कडुबाईंचे मोठमोठ्या मंचांवर कार्यक्रम झाले, साजशृंगाराची ध्वनिमुद्रणेही झाली. आमच्या मनात मात्र ते पहिले, खरखरीत, मोबाईलवरचे गाणेच घर करून बसले आहे. बाजाराच्या दारात न जाता गाणे लोकांपर्यंत जाऊ शकते, हे त्या एका गाण्याने सिद्ध केले.

आणि म्हणूनच सत्ता मोबाईलवरच्या गाण्याला घाबरते. २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर राज्यकर्त्यांवर टीका करणाऱ्या गाण्यांबद्दल गुन्हे नोंदवले गेले. दोन-तीन मिनिटांच्या गाण्याला पोलीस ठाण्यात जागा मिळते, वर्षअखेरच्या यादीत मिळत नाही!

नाव विकले जात नाही

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. त्यावर बाबासाहेबांनी काय केले? केसरीच्या दारात धरणे धरले नाही. स्वतःचे पत्र चालवले, पुढे स्वतःचा छापखानाही उभारला. छापील शब्दाच्या बाबतीत जे शहाणपण आपण शंभर वर्षांपूर्वी शिकलो, ते आवाजाच्या बाबतीत अजून शिकायचे आहे.

इंटरनेटवर आज भीमगीतांची रास पडली आहे. त्यातली शंभर गाणी उघडून पाहा. वामनदादा कर्डकांचे गीत असते. दादांचे नाव नसते. कुठे ‘पारंपरिक’ असे लिहिलेले असते. वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि १५ मे २००४ रोजी गेले. त्यांच्या शब्दांना जन्मतारीख आहे, बाप आहे. मग ते ‘पारंपरिक’ कसे? या देशात आमच्या पूर्वजांची निर्मिती ‘परंपरा’ म्हणून कोणीही उचलावी आणि दुसऱ्यांचे श्लोक मात्र नावगोत्रासह जपावेत, हा न्याय आपण आपल्याच कवीला लावायचा काय?

कायदा आपल्या बाजूने आहे. तो वाचायचे कष्ट तेवढे घ्यायला हवेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५७ सांगते की, हक्क विकले तरी कृती आपली आहे असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो. गाणे विकले तरी नाव विकले जात नाही! गीतावरचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा काढून घेता येणार नाही, असे ठरवले. हा वाटा गोळा करून देणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. आपल्या किती गीतकारांनी, किंवा त्यांच्या वारसांनी, तिचे सभासदत्व घेतले आहे? आपले वकील बंधू-भगिनी यात एक दिवसाचे शिबिर घेऊ शकत नाहीत काय?

कायद्याइतकेच काम घरचेही आहे. जयंती समित्या डीजेच्या भिंतींवर भरमसाट पैसा उधळतात. त्या पैशातल्या एका लहानशा हिश्श्यात चांगले ध्वनिमुद्रणाचे यंत्र येते. यंदाच्या जयंतीला भिंतीचे चार खोके कमी करा आणि मंचावर एक शाहीर उभा करा. त्याचे गाणे टिपा. ध्वनिमुद्रणाच्या आरंभी पाच गोष्टी तोंडाने बोला: तारीख, ठिकाण, निमित्त, गायक-वादकांची नावे आणि गीतकाराचे नाव. फाइल कुठेही गेली तरी हे नाव आवाजाला चिकटून राहील. ते कोणाला पुसता येणार नाही. मूळ फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळे होऊ नका, तिथे आवाज दाबला जातो. मूळ प्रत जपा आणि दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक बुद्धविहारात आणि एक एखाद्या ग्रंथालयात.

आणि माळ्यावरच्या त्या जुन्या कॅसेटी! त्यांना बुरशी लागते, फीत चिकटते, आवाज झिजतो. त्यांतली एखादी मुकाबल्याची असेल, एखादी वस्तीतल्या कार्यक्रमाची असेल, जिची दुसरी प्रत जगात कुठेही नसेल. भंगारवाल्याला देण्याआधी त्या उतरवून घ्या. ज्या म्हाताऱ्या शाहिराच्या दारावरून आपण रोज जातो, त्याच्यासमोर एक दुपार बसा. त्याला चहा पाजा, गायला सांगा, कोणते गीत कोणाचे ते विचारा. त्याच्या कोरसमध्ये कोण बाया होत्या, ढोलकीला कोण होता, तेही विचारा आणि लिहून घ्या.

प्रस्थापितांच्या याद्या पुढच्या डिसेंबरातही येतील. त्यांत आपले गाणे असेल किंवा नसेल. आपल्या वस्तीतल्या एका तरी मैफलीचे, नावानिशी, तारखेनिशी, आपल्या मालकीचे ध्वनिमुद्रण तोवर आपल्या विहारात जमा झाले पाहिजे. पुढच्या वर्षीची यादी आम्ही त्यातूनच करणार आहोत. वाचकांनी ती ध्वनिमुद्रणे तयार ठेवावीत.

जयभीम!